काजळीयुक्त बहुवारिके आणि उंबरठ्याची उपपत्ती : एक चिकित्सा

१. प्रश्नाचे स्वरूप

बहुवारिके ही बहुतांशी विजेची निरोधके होत. शुद्ध पॉलिएथिलिनची रोधकता दहाच्या सोळाव्या घाताइतके ओहम-सेंटिमीटर किंवा त्याहूनही अधिक असते. त्यात योग्य जातीची काजळी पुरेशा प्रमाणात मिसळली असता तीच रोधकता दहा ते शंभर ओहम-सेंटिमीटरपर्यंत खाली येते. दहापटीच्या चौदा पायऱ्यांचा हा उतार काजळीच्या प्रमाणाबरोबर सारखा होत जात नाही. आरंभी काजळी वाढवीत गेले तरी पदार्थ निरोधकच राहतो; पुढे दोन-चार टक्क्यांच्या अरुंद पट्ट्यात रोधकता कड्यावरून कोसळावी तशी कोसळते; आणि त्यानंतर आणखी काजळी घातली तरी फारसा फरक पडत नाही. ज्या प्रमाणाला हा पालट होतो त्याला उंबरठा असे म्हणण्याचा प्रघात आहे.

या पालटाचे महत्त्व केवळ शास्त्रीय कुतूहलापुरते नाही. ईथर व सायक्लोप्रोपेन यांसारखी ज्वालाग्राही भूलद्रव्ये ज्या काळी शस्त्रक्रियागृहात वापरली जात, त्या काळी स्थिर विजेच्या ठिणगीने स्फोट होऊ नये म्हणून पादत्राणे, चाके आणि नळ्या काजळीयुक्त रबराच्या करीत. तेथे रोधकता फार असून चालत नसे, कारण भार साठून राहतो. आणि फार कमी असूनही चालत नसे, कारण सदोष उपकरणाला हात लागताच धक्का बसण्याचे भय. इष्ट मूल्य दोन मर्यादांच्या मध्ये असावे लागे, आणि त्या मर्यादा नेमक्या कड्याच्या उतारावर येतात. उच्च दाबाच्या केबलींतील अर्धसंवाहक वेष्टन, स्वतःचे तापमान स्वतःच आवरणाऱ्या तापकपट्ट्या, विद्युत्-मंडलातील पुनःस्थापित होणारे रक्षक या सर्वांची भिस्त याच पदार्थवर्गावर आहे. उंबरठा म्हणजे काय, हे नीट न समजता अशा वस्तू बनविणे म्हणजे कड्याच्या टोकावर डोळे बांधून चालणे होय.

गेली सुमारे पन्नास वर्षे या आलेखाचा अर्थ प्रामुख्याने एकाच उपपत्तीच्या आधारे लावण्यात येत आहे. तिला इंग्रजीत ‘पर्कोलेशन’ची उपपत्ती म्हणतात, येथे तिला पाझर-उपपत्ती म्हटले आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू तिचे विवरण करण्याचा नसून तिच्या उपयोगाची चिकित्सा करण्याचा आहे. या विषयावरील शोधनिबंधांत एक ठराविक रीत दृढ झाली आहे. काजळीची सहा-सात प्रमाणे घ्यावयाची, प्रत्येकाची संवाहकता मोजावयाची, दुहेरी लॉगरिथमी आलेखावर सरळ रेषा बसवावयाची, उंबरठा आणि घातांक असे दोन आकडे काढावयाचे, आणि घातांक २ च्या जवळ आला म्हणजे जाळे त्रिमितीय आहे असा निर्णय द्यावयाचा. हे दोन आकडे पदार्थाचे गुणधर्म म्हणून कोष्टकात जातात. आमचे म्हणणे असे की, त्यांपैकी पहिला आकडा बहुधा पदार्थाच्या गुणधर्मापेक्षा त्याच्या घडणीचा इतिहास सांगतो. आणि दुसरा पुष्कळदा मोजमापाच्या पल्ल्याचा गुणधर्म असतो.

२. उपपत्ती आणि तिची तीन गृहीते

१९५७ साली ब्रॉडबेंट आणि हॅमर्स्ली यांनी सच्छिद्र माध्यमातून द्रव वा वायू कसा पाझरतो या प्रश्नाला गणिती रूप दिले. जाळीतील काही वाटा यदृच्छया उघड्या आणि काही बंद असतील, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड वाट केव्हा मिळेल, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर असे की, उघड्या वाटांचे प्रमाण एका निश्चित मूल्याच्या खाली असताना अखंड वाट मुळीच नसते आणि त्याच्या वर ती खात्रीने असते. १९७० मध्ये शेर आणि झॅलन यांनी असे दाखविले की, जाळीचा प्रकार कोणताही असला तरी त्रिमितीत हे उंबरठ्याचे मूल्य आकारमान-अंशाच्या भाषेत सुमारे १६ टक्के येते. १९७३ मध्ये कर्कपॅट्रिक यांनी याच कल्पनेला विद्युत्-वहनाची जोड दिली. उंबरठ्याच्या वर संवाहकता ही अधिक्याच्या, म्हणजे प्रत्यक्ष प्रमाण आणि उंबरठा यांतील फरकाच्या, एका ठराविक घाताप्रमाणे वाढते; आणि हा घातांक जाळीच्या बारकाव्यांवर अवलंबून नसून केवळ मितींच्या संख्येवर अवलंबून असतो. यालाच सार्वत्रिकता म्हणतात.

उपपत्तीचे सौंदर्य या सार्वत्रिकतेत आहे आणि तिचा मोहही त्यातच आहे. रसायन, आकार, मिश्रणाची रीत या सर्व गोंधळाच्या पलीकडे एक आकडा उभा आहे आणि तो आपल्या प्रयोगातून निघतो, ही भावना अभ्यासकाला सुखावणारी असते. परंतु काजळी-बहुवारिक संमिश्राला ही उपपत्ती लावताना तीन गोष्टी गृहीत धराव्या लागतात. एक, कण परस्परांची दखल न घेता यदृच्छया विखुरलेले आहेत. दोन, दोन कणांमधील संबंध द्विमूल्यी आहे : संपर्क आहे किंवा नाही. तीन, मोजमाप उंबरठ्याच्या पुरेसे निकट केले आहे. या तिन्हींचा क्रमाने विचार करू.

३. यदृच्छेचे गृहीत

काजळी म्हणजे सुट्या गोल कणांची भुकटी अशी सर्वसाधारण समजूत असते. घरगुती दिव्यावर धरलेल्या काजळापासून कारखान्यातील भट्टीच्या काजळीपर्यंत ही समजूत चुकीची आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे पंधरा ते शंभर नॅनोमीटर व्यासाचे गोलक निर्मितीच्या वेळीच परस्परांत वितळून जोडले जातात आणि त्यांचे फांद्याफांद्यांचे पुंज बनतात. यांत्रिक बळाने हे पुंज सहजासहजी मोडत नाहीत. पुंजांचे पुन्हा सैल गुच्छ होतात. ते मात्र मिश्रणात सुटतात आणि पुन्हा जमतात. गोलकाच्या अंतरंगात ग्रॅफाइटसारखे स्तर असतात. पण त्यांची रचना अव्यवस्थित असून त्यांतील अंतर ग्रॅफाइटच्या ०.३३५ नॅनोमीटरपेक्षा किंचित अधिक असते. संमिश्राच्या दृष्टीने निर्णायक असतो तो पुंजाचा फांदीदारपणा. या धंद्यात त्याला काजळीची ‘संरचना’ म्हणतात. ठराविक वजनाची काजळी किती तेल शोषून घेते यावरून ती मोजण्याची रीत आहे.

१९७५ मध्ये जॅन्झेन यांनी या मापाचा उंबरठ्याशी सरळ संबंध जोडला. त्रिमितीय जाळ्यात अखंड वाट होण्यासाठी प्रत्येक घटकाला सरासरीने सुमारे दीड संपर्क लागतो, या पाझर-उपपत्तीतील निष्कर्षावरून त्यांनी एक सुटसुटीत सूत्र दिले. काजळीची घनता आणि प्रति ग्रॅम तेलशोषण यांचा गुणाकार करून त्याची चौपट घ्यावी, त्यात एक मिळवावा आणि त्या बेरजेने एकाला भागावे; येणारा भागाकार हाच उंबरठा. घनता १.८ धरली तर प्रति ग्रॅम ०.४ घन सेंटिमीटर तेल शोषणाऱ्या, जवळजवळ सुट्या कणांच्या काजळीला उंबरठा सुमारे २६ टक्के येतो, १.७८ शोषणाऱ्या संवाहक काजळीला सुमारे ७ टक्के, आणि ३.६ शोषणाऱ्या अतिसंरचित काजळीला जेमतेम पावणेचार टक्के. एकाच मूलद्रव्याच्या तीन भुकट्यांत सातपट अंतर पडते. शेर आणि झॅलन यांचे १६ टक्के या तिहींपैकी एकीलाही लागू पडत नाहीत. हा त्या उपपत्तीचा पराभव नव्हे. घटक कोणता मानावयाचा, हे ठरविण्यात आपण घाई केली, एवढाच याचा अर्थ.

येथे वाचकांनी एका व्यावहारिक गोष्टीची नोंद घ्यावी. सूत्रातील प्रमाण आकारमानाचे आहे, तर प्रयोगशाळेत काजळी वजनाने घेतली जाते. १.८ घनतेची काजळी ०.९५ घनतेच्या पॉलिएथिलिनमध्ये वजनाने २० टक्के घातली तर आकारमानाने ती पावणेबारा टक्क्यांहून थोडी कमी भरते. वजनाचे आणि आकारमानाचे उंबरठे एकाच कोष्टकात शेजारी-शेजारी मांडलेले आढळतात आणि त्यांवरून पदार्थांची तुलना होते. अशी तुलना निरर्थक होय.

जॅन्झेन यांच्या सूत्रात बहुवारिकाला स्थानच नाही. पण एकच काजळी वेगवेगळ्या बहुवारिकांत घातली तर उंबरठे वेगळे येतात. १९८२ मध्ये मियासाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे कारण पृष्ठीय ऊर्जेत शोधले. बहुवारिकाचा पृष्ठताण जितका अधिक तितका उंबरठा वर, असे त्यांना आढळले. बहुवारिक काजळीला चांगले भिजवीत असेल तर कण एकमेकांपासून अलग राहतात; भिजवीत नसेल तर ते एकत्र येऊन साखळ्या करतात. म्हणजे कण परस्परांची दखल घेतात. यदृच्छेचे गृहीत येथेच ढासळते. १९९१ मध्ये सुमिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच विचार एक पाऊल पुढे नेला. परस्परांत न मिसळणाऱ्या दोन बहुवारिकांच्या मिश्रणात काजळी समभागी राहत नाही. ती एका घटकात किंवा दोहोंच्या सीमेवर गोळा होते. तेथे तिचे प्रमाण पुरेसे झाले आणि तो घटक स्वतः अखंड असला की सर्व पदार्थ संवाहक होतो. याला दुहेरी पाझर म्हणतात. १९९४ मध्ये गुब्बेल्स आणि सहकाऱ्यांनी पॉलिएथिलिन व पॉलिस्टायरिन यांच्या सीमेवर काजळी बसवून वजनाच्या केवळ ०.४ टक्क्यापर्यंत उंबरठा खाली आणला.

याहूनही बोलकी उदाहरणे इपॉक्सी राळेतील आहेत. १९९७ मध्ये श्यूलर आणि सहकाऱ्यांनी राळेत काजळीचे साखळणे हेतुपुरस्सर घडवून आणून आकारमानाच्या ०.०६ टक्क्याला उंबरठा मिळविला. २००३ मध्ये सँडलर आणि सहकाऱ्यांनी कार्बनच्या नॅनोनलिकांनी वजनाच्या सुमारे ०.००२५ टक्क्याला तो गाठला. लांब दांड्यांचा यदृच्छ पसारा धरला तर उंबरठा ढोबळ मानाने जाडी आणि लांबी यांच्या गुणोत्तराच्या निम्म्या ते पाऊणपट येतो; म्हणजे जाडीच्या हजारपट लांब नलिकेलाही ०.०५ टक्क्याच्या खाली सहसा जाता येऊ नये. सँडलर यांचा आकडा त्याहून कितीतरी खाली आहे. याचा अर्थ असा की, राळ द्रवरूप असताना नलिका हिंडल्या, एकमेकींना चिकटल्या आणि त्यांनी विरळ पण अखंड जाळे विणले. कोव्हाक्स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एकाच संमिश्रात दोन उंबरठे दाखविले : एक पुनर्गुच्छनाने येणारा खालचा आणि दुसरा सांख्यिकीय, वरचा. २००९ मध्ये बाउहोफर आणि कोव्हाक्स यांनी नलिकांच्या संमिश्रांवरील प्रकाशित निष्कर्षांची जी विस्तृत छाननी केली, तीतही या भेदावर भर दिलेला आहे.

यावरून एक गोष्ट निःसंशय निघते. उंबरठा हा ‘काजळी अधिक बहुवारिक’ या जोडीचा स्थिरांक नव्हे. मिश्रणयंत्रात किती वेळ घातला, वितळलेल्या स्थितीत पदार्थ किती वेळ राहिला, साच्यात तो कोणत्या वेगाने शिरला, कोणत्या दराने थंड झाला, यांचा तो फलितांक होय. अतिमिश्रणाने साखळ्या तुटून रोधकता वाढते आणि नंतर वितळलेल्या अवस्थेत स्वस्थ ठेवल्यास ती काही वेळाने एकाएकी उतरते, हे अनेकवार दिसून आले आहे. प्रमाण तेच असताना केवळ काळाच्या ओघात पदार्थ उंबरठा ओलांडतो. मग तो उंबरठा प्रमाणाचा कसा म्हणावा ?

४. संपर्काचे गृहीत

आता दुसरे गृहीत. दोन पुंज एकमेकांना ‘लागून’ आहेत असे आपण म्हणतो तेव्हा त्यांच्या मध्ये बहुधा बहुवारिकाचा एक पातळ पापुद्रा असतो. १९७८ मध्ये शेंग, सिशेल आणि गिटलमन यांनी काजळी आणि पॉलिव्हिनिल क्लोराइड यांच्या संमिश्रांची संवाहकता तापमानानुसार मोजली. अत्यल्प तापमानाला ती जवळजवळ स्थिर राहते आणि वरच्या तापमानाला ऊर्जेचा अडसर ओलांडावा तशी वाढत जाते, असे त्यांना आढळले. इलेक्ट्रॉन पापुद्र्यातून बोगदा-परिणामाने पलीकडे जातात आणि पुंजांवरील भाराच्या औष्णिक चलबिचलीमुळे हा अडसर क्षणोक्षणी कमी-अधिक होतो, अशी त्यांनी उपपत्ती मांडली. आमच्या मते या विषयातील सर्वांत भक्कम कार्यांपैकी हे एक होय. कारण तिच्यात केवळ प्रमाण बदलून थांबलेले नाही, तर तापमान या दुसऱ्या स्वतंत्र चलाने उपपत्तीला प्रश्न विचारला आहे.

बोगदा-परिणाम मान्य केला की संपर्काची द्विमूल्यी कल्पना संपते. संवाहकता अंतरानुसार घातीय रीतीने घटते. क्षयाचे अंतर एक नॅनोमीटर धरल्यास एका नॅनोमीटरच्या फटीत ती सुमारे सातव्या हिश्श्यावर येते, पाच नॅनोमीटरला वीस हजारांत एका हिश्श्यावर आणि दहा नॅनोमीटरला पन्नास कोटींत एका हिश्श्यावर. ओढा ओलांडण्यासाठी टाकलेल्या दगडांसारखी ही स्थिती आहे. कोणते दोन दगड ‘जोडलेले’ आहेत हे दगडांवरून ठरत नाही, चालणाऱ्याच्या ढांगेवरून ठरते. ढांग हळूहळू लांबवीत नेली तर ओढा केव्हातरी ओलांडता येईलच. तेव्हा निखळ उंबरठा असा उरतच नाही.

ही अडचण बालबर्ग यांनी १९८७ मध्ये सरळ समोर घेतली. प्रयोगांतून मिळणारे घातांक २ च्या आसपास न राहता पुष्कळ वर का जातात, हा त्यांचा प्रश्न होता. कणांतील अंतरांचे वितरण पसरट असेल तर फार क्षीण दुवे मोठ्या संख्येने येतात आणि घातांक वाढतो. वाढ किती, हे सरासरी अंतर आणि बोगद्याचे क्षय-अंतर यांच्या गुणोत्तरावर ठरते, असे त्यांनी दाखविले. १९९९ मध्ये ते आणि त्यांचे सहकारी यांनी काजळी-पॉलिएथिलिन संमिश्रात ६.४ इतका घातांक नोंदविला. २००२ च्या त्यांच्या समालोचनात एक सुबक चित्र उभे राहते : अल्पसंरचित, गोलसर काजळीत उंबरठा वर आणि घातांक मोठा, अतिसंरचित काजळीत पुंज एकमेकांत गुंतत असल्याने उंबरठा खाली आणि घातांक २ च्या निकट.

हे चित्र आकर्षक आहे आणि विषयाला त्याने पुष्कळ दिले आहे. परंतु त्यात एक दुबळा सांधा आहे. सरासरी अंतर आणि क्षय-अंतर यांचे गुणोत्तर बहुधा घातांकावरूनच काढले जाते आणि मग त्याच गुणोत्तराने घातांकाचे स्पष्टीकरण दिले जाते. कारण आणि कार्य यांना एकाच आकड्याने मापले तर त्यांचा मेळ बसणारच. स्वतंत्र मापनाने अंतरांचे वितरण हाती येत नाही तोवर हे स्पष्टीकरण संभाव्य म्हणावे, सिद्ध म्हणू नये. या संशयाला पुढे दुजोरा मिळाला आणि तोही बाहेरच्या टीकाकाराकडून नव्हे. २००८ मध्ये योनर, ग्रिमाल्दी, बालबर्ग आणि रायसर यांनी संगणकीय प्रतिमानात असे दाखविले की, परस्परांत न शिरणारे कण आणि बोगदा-वहन दोन्ही धरले तरी ठीक उंबरठ्यावर घातांक सुमारे २ च असतो. मोठे घातांक दिसतात ते उंबरठ्यापासून दूर मोजल्यामुळे, कारण प्रमाण बदलताना दुव्यांची संवाहकताही बदलत असते. २०१० मध्ये अँब्रोसेट्टी यांनी ग्रिमाल्दी, बालबर्ग इत्यादींसह उंबरठा मुळीच गृहीत न धरता, जाळे अखंड होण्यास लागणाऱ्या किमान फटीवरून संवाहकता काढण्याची रीत दिली. तिचा मोठा गुण असा की, तीतून निघणारी राशी म्हणजे बोगद्याचे क्षय-अंतर होय आणि ती भौतिक अर्थाने तपासता येते : उत्तर एक-दोन नॅनोमीटर आले तर विश्वास ठेवावा, शंभर आले तर गृहीते पुन्हा पाहावीत. घातांकाला असा लगाम नाही. आपल्याच प्रतिपादनाची मर्यादा आपणच पुढे होऊन दाखविणे हे शास्त्रीय वृत्तीचे लक्षण होय, आणि बालबर्ग यांच्या कार्याचा गौरव त्यामुळे कमी न होता वाढतो.

५. निकटतेचे गृहीत

तिसऱ्या गृहीताची चिकित्सा कागद-पेन्सिलीने करता येते. समजा, एका आदर्श संमिश्राचा खरा उंबरठा ५ टक्के आणि खरा घातांक नेमका २ आहे. संवाहकता ६, ८, १२ आणि १६ टक्क्यांना मोजली. पहिल्या आणि शेवटच्या मोजमापांत १२१ पट अंतर पडेल. आता उंबरठा कोणी सांगितलेला नसल्यामुळे अभ्यासकाने तो ४ टक्के धरला, तर टोकाच्या दोन बिंदूंवरून घातांक २.७ येईल, ५.५ टक्के धरला तर १.६ येईल. रेषा किंचित वाकलेली दिसेल हे खरे. परंतु एकाच प्रमाणाच्या दोन नमुन्यांत दुपटी-तिपटीचा फरक पडणे जेथे नित्याचे आहे, तेथे चार-सहा बिंदूंवरून हा वाक ओळखणे दुरापास्त होय. म्हणजे उंबरठ्यातील दीड टक्क्याची अनिश्चिती घातांक १.६ वरून २.७ वर नेते. असे असूनही घातांक दोन दशांश स्थळांपर्यंत छापलेले आढळतात.

इतिहासही हेच सांगतो. कर्कपॅट्रिक यांच्या १९७३ च्या गणनेत त्रिमितीय घातांक सुमारे १.६ होता. पुढील अधिक काटेकोर गणनांनी तो सुमारे २ वर स्थिरावला. दोन्ही काळांत ‘उपपत्तीशी चांगला मेळ बसतो’ असे सांगणारे प्रयोग प्रसिद्ध होत राहिले. निसर्ग तर या मधल्या वर्षांत बदलला नाही. जो प्रयोग १.६ चेही समर्थन करतो आणि २ चेही, तो कशाचेच समर्थन करीत नाही.

नॅनोनलिकांच्या बाबतीत याच रीतीने आणखी एक अनुमान रूढ झाले. घातांक १.३ च्या जवळ आला की जाळे द्विमितीय आहे असे सांगितले जाऊ लागले, कारण द्विमितीय घातांक सुमारे १.३ आहे. बाउहोफर आणि कोव्हाक्स यांच्या संकलनात घातांक साधारणतः १.३ ते ४ च्या दरम्यान विखुरलेले असून त्यांची गर्दी २ च्या भोवती आहे. आणि लहान घातांकाचे कारण मितींच्या घटीत शोधता येत नाही, असा त्यांचा अभिप्राय आहे. जाड, सर्व बाजूंनी सारख्या अशा वडीत घातांक १.३ आला म्हणून तिला कागद मानणे हा आकड्यापुढे वस्तूला नमविण्याचा प्रकार झाला.

६. तापमानाची कसोटी

उपपत्तीची खरी परीक्षा तिने ज्या प्रयोगासाठी आकडे पुरविले त्या प्रयोगात होत नाही. दुसऱ्या प्रयोगात होते. अशी एक परीक्षा उपलब्ध आहे. काजळीयुक्त पॉलिएथिलिन तापवीत नेले असता त्याच्या वितळण्याच्या सुमारास रोधकता हजारो पटींनी आणि काही संमिश्रांत त्याहूनही पुष्कळ अधिक वाढते. या परिणामावर आधारित फ्रिडमन यांचे ब्रिटिश पेटंट १९४८ चे आहे, आणि तापकपट्ट्या व रक्षक यांचा सर्व व्यवसाय त्यावर उभा आहे. १९६६ च्या पेटंटात कोहलर यांनी याची उपपत्ती सोपी दिली : बहुवारिक प्रसरण पावते, काजळी जवळजवळ पावत नाही, त्यामुळे काजळीचा आकारमान-अंश घटतो आणि जाळे तुटते.

या उपपत्तीचा हिशेब करून पाहू. काजळी १२ टक्के, उंबरठा ८ टक्के आणि वितळेपर्यंत बहुवारिकाचे प्रसरण २० टक्के असे धरू. उच्च घनतेच्या पॉलिएथिलिनला हे प्रसरण वाजवी आहे. काजळीचा अंश १२ वरून १०.२ टक्क्यांवर येतो. उंबरठ्यावरील अधिक्य ४ वरून २.२ वर. घातांक २ असेल तर रोधकता ३.३ पट व्हावी. घातांक ६.४ घेतला तरी ती ४६ पटीपलीकडे जात नाही. प्रत्यक्षात ती हजारो पट होते. शिवाय पूर्ण वितळल्यावर तापमान आणखी वाढविले तर रोधकता पुन्हा उतरू लागते. आकारमान मात्र वाढतच असते. प्रारणाने बहुवारिकाच्या साखळ्या परस्परांना बांधून टाकल्या की हा उतार नाहीसा होतो, म्हणजेच तो काजळीच्या स्थलांतराचा आणि पुनर्जुळणीचा परिणाम असला पाहिजे.

अर्थ उघड आहे. काजळीचे पुंज अस्फटिकी भागात ढकललेले असतात. स्फटिक वितळताना प्रसरण सर्वत्र सारखे होत नाही आणि नेमक्या दुव्याच्या जागीच फटी रुंदावतात. सरासरी अंश किती घटला हा प्रश्न गौण. फटी कोठे आणि किती वाढल्या हा मुख्य. दोन-चार नॅनोमीटरची वाढही घातीय नियमाने रोधकता हजारपटीने वाढवू शकते. पाझर-उपपत्तीच्या रूढ सूत्रात फटीला जागा नाही, म्हणून ते सूत्र येथे मुके राहते.

७. उपपत्तीचे योग्य स्थान

इतकी टीका केल्यावर पाझर-उपपत्ती टाकून द्यावी असे सुचवावयाचे आहे काय ? मुळीच नाही. सुटे संवाहक कण असलेला पदार्थ एकाएकी संवाहक का होतो, हे तिनेच प्रथम समजावून दिले. फांदीदार काजळीला आणि लांब नलिकेला उंबरठा कमी का लागतो याची दिशा तिनेच दाखविली. दुहेरी पाझराची कल्पना तिच्यावाचून सुचली नसती. तिचे देणे गुणात्मक आहे आणि ते मोठे आहे. आक्षेप आहे तो तिला मापदंड म्हणून वापरण्याला, तोही मापायची वस्तू न पाहता.

या विषयावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने प्रश्न असा आहे की, दोन-तीन वर्षांच्या श्रमांतून हाती काय यावे ? केवळ एक उंबरठा आणि एक घातांक आला तर कोष्टकात एका ओळीची भर पडली इतकेच. उलट त्याने काजळीचे तेलशोषण आणि पृष्ठक्षेत्र नोंदविले, मिश्रणाचा काळ, वेग व तापमान हे चल म्हणून घेतले, एकाच प्रमाणाचे अनेक नमुने करून विखुरणे सांगितले, दोनऐवजी चार टोकांनी मोजून संपर्क-रोध वगळला, साच्यातील नमुन्याच्या पृष्ठभागावर काजळीविरहित कातडी बसते ती खरवडून पाहिली, आणि मुख्य म्हणजे प्रमाणाबरोबर तापमान किंवा दाब यांपैकी एक तरी स्वतंत्र चल घेतले, तर त्याचे काम इतरांना उपयोगी पडेल. घातांक द्यावयाचाच असेल तर उंबरठा किती सरकविल्यास तो किती सरकतो, हेही सोबत द्यावे. त्याने आकडा कमी रुबाबदार दिसेल. परंतु खरा होईल.

१९७० साली नॉर्मन यांनी संवाहक रबर आणि प्लॅस्टिक यांवर जे पुस्तक लिहिले, ते पाझर-उपपत्ती या क्षेत्रात रूढ होण्यापूर्वीचे आहे. त्या पिढीपुढे घातांक नव्हता, म्हणून मिश्रण, साचा, ताण, विश्रांती, तापमान यांचा एकेक परिणाम स्वतंत्रपणे तपासणे तिला भाग होते. उपपत्ती हाती आल्यावर यांतील पुष्कळ प्रश्न आपण ‘प्रायोगिक तपशील’ या परिच्छेदात ढकलले. वस्तुतः काजळीयुक्त बहुवारिकाचे शास्त्र त्याच परिच्छेदात दडलेले आहे. बोगदा-वहनाच्या अलीकडील उपपत्तींनी फटीच्या अंतराला पुन्हा केंद्रस्थानी आणले आहे, आणि फट ही मिश्रणयंत्रात घडते, गणितात नव्हे. गणितज्ञ आणि मिश्रणकार यांनी आता एकाच नमुन्यावर एकत्र काम करणे अवश्य झाले आहे.